गोळीचा मालक कोण, पोटातल्या जंतूंचा कोण?



पेटंट म्हटले की आपल्याला हळद आणि कडुनिंब आठवतात. हळदीने जखम भरते या ज्ञानावर अमेरिकेत घेतलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, कडुनिंबाचे युरोपातले 2000 मध्ये. पण हा प्रश्न शेताच्या बांधावर थांबलेला नाही. तो दवाखान्याच्या पायऱ्या चढून बाईच्या ओटीपोटापर्यंत आला आहे. विषय ‘शास्त्रज्ञांचा’ वाटतो, म्हणून आपल्या गटांत त्यावर बोलणे होत नाही. या वेळी थोडे सविस्तर बोलू.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस, म्हणजे उलट्या वाटेने चालणारा विषाणू. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए तयार होतो. हा आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो आपल्या पेशीच्या केंद्रकात घुसवून बसतो. ही उलटी वाट अडवणारी औषधे निघाली तेव्हा ती वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होती. आपल्या 1970 च्या कायद्यात पेटंट औषधावर नव्हते, ते बनवण्याच्या पद्धतीवर होते. म्हणूनच मुंबईच्या सिप्लाला 2001 मध्ये तीन औषधांचे मिश्रण वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ करता आले. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी दवाखान्यांत ही औषधे मोफत मिळू लागली. डंकेल प्रस्तावाविरुद्ध मोर्चे काढताना आपण ज्याची भीती सांगत होतो ते 2005 मध्ये झाले. कायदा बदलला आणि थेट औषधावर पेटंट मिळू लागले.

त्याच कायद्यात एक खिडकी मात्र उघडी राहिली. पेटंट मंजूर होण्याआधी त्यावर हरकत घेता येते, आणि ती कुणी घ्यायची तर ‘कोणतीही व्यक्ती’. कंपनी नको, शास्त्रज्ञ नको, पदवी नको. 2006 मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या पॉझिटिव्ह विमेन्स नेटवर्कने आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या देशव्यापी संघटनेने नेव्हिरापिनच्या सिरपवरच्या अर्जाला हरकत घेतली. हे लहान मुलांना द्यायचे औषध. 2008 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. 2023 मध्ये क्षयाच्या बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवू पाहणारा अर्जही असाच पडला. हरकत घेणाऱ्या दोघी क्षयातून उठलेल्या स्त्रिया होत्या. त्यांतल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती उपचारांतच गेली होती.

आता जंतूंकडे येते, कारण माझ्या मते पुढचा वाद तिथे आहे.

योनिमार्गात निरोगी अवस्थेत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू वस्तीला असतात. दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद, आणि त्यांचा एक साठा आतड्यातही असतो. ते आम्ल तयार करतात आणि बाहेरच्या जंतूंना थारा देत नाहीत. ही वस्ती विस्कटली की अंगावरून जाते. हे आपल्याला नवे नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ते निष्कर्ष जगासमोर ठेवले. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि बहुतेकींवर कधीच उपचार झालेले नव्हते. ‘बाईला असतंच ते’ एवढ्यावर सासूपासून डॉक्टरपर्यंत सगळे थांबत आले.

त्या दुखण्याचा एचआयव्हीशी काय संबंध, तो पाहा. टेनोफोव्हिर हे औषध मलमासारखे योनीत वापरून स्त्रीला स्वतःचे रक्षण करता येईल, नवऱ्याची परवानगी लागणार नाही, अशी मोठी आशा होती. त्याच्या सुरक्षिततेची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही झाली. अमेरिकेतली दोन शहरे आणि पुणे मिळून 200 स्त्रिया त्यात होत्या. दक्षिण आफ्रिकेत 2010 मध्ये या मलमाने लागण 39 टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ते अपयशी ठरले आणि बाजारात आलेच नाही. बायका मलम नीट वापरत नाहीत, असे तेव्हा सांगितले गेले. ते काही अंशी खरे होते. पण 2017 मध्ये दुसरी गोष्ट पुढे आली. ज्यांच्या योनीत लॅक्टोबॅसिलसची वस्ती होती त्यांचे रक्षण 61 टक्के झाले होते, ज्यांच्यात ती नव्हती त्यांचे अवघे 18 टक्के. दुसरे जंतू ते औषधच खाऊन टाकत होते. दोष सारा बाईच्या आळसाचा नव्हता. जे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या कुणी तपासले नाही ते मध्ये आले होते.

मग असे जिवाणूच औषध म्हणून द्यावेत, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणाने योनीतला जंतुसंसर्ग पुन्हा होण्याचे प्रमाण 45 वरून 30 टक्क्यांवर आणले. दुसऱ्या एका जिवाणूत फेरबदल करून त्याच्याकडूनच विषाणूरोधक प्रथिन तयार करून घेतले. माकडिणींवर त्याचा उपयोग दिसला. हे संशोधन चांगले आहे, मला त्याचे कौतुकच आहे. पण जिवाणू मुळात कुठून आले? कुठल्या तरी बाईच्या शरीरातूनच ना?

मानवतच्या आमच्या बैठकीत हे सांगत होते तर कापसाच्या जिनिंगवर कामाला जाणारी एक मैत्रीण म्हणाली, “म्हंजे ताई, आता पोटातल्या जंतूचंबी सातबारा करायलेत का?” साऱ्याजणी हसल्या. पण प्रश्न तिने बरोबर विचारला होता. आपल्या कायद्यात निसर्गात सापडलेल्या जिवाणूवर पेटंट मिळत नाही, फेरबदल केलेल्यावर मिळू शकते. पेटंटसाठीचे जिवाणू जमा करून ठेवण्याची आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली जागा 2011 पासून पुण्यातच आहे. जैवविविधता कायदा सूक्ष्मजीवांना धरतो, मानवी जनुकीय साहित्याला वगळतो. बाईच्या आतड्यातला जिवाणू या दोहोंच्या बरोबर मध्ये पडतो.

एवढ्यात हा प्रश्न आणखी जवळ आला आहे. लेनाकॅपाविर नावाचे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदाच घ्यायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेतलेल्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे 2024 मध्ये जाहीर झाले. आमच्याकडून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी आणि पाडव्याच्या आगेमागे परतणारी बाई डोळ्यांसमोर आणा. रोजची गोळी कोपीत कुठे लपवायची? इथे एक सुई जाताना, एक परत आल्यावर. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत 28,218 डॉलर लावली गेली. 2025 मध्ये जाहीर झाले की 2027 पासून 120 देशांसाठी त्याची नक्कल वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये मिळेल. एवढ्या फरकात मालकी किती आणि खर्च किती, हे तुम्हीच ताडा. या औषधावरच्या पेटंटना मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने आपल्याकडे हरकत घेतली आहे.

आणि नेमकी तीच खिडकी आता किलकिली केली जात आहे. मार्च 2024 च्या नियमांनी हरकतीवर शुल्क लावले, आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकाऱ्याने आधी ठरवायचे अशी तरतूद केली. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द कायद्यात तसेच आहेत, पण दारात पहारेकरी बसवला आहे. स्त्री संघटनांनी याविरुद्ध निवेदने द्यायला हवीत, आणि ज्या संस्था हरकती घेतात त्यांच्या अर्जांवर आपली नावे असायला हवीत.

दुसरे काम गावपातळीवरचे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती बंधनकारक केली आहे. पण संमतीपत्रकावर अंगठा घेताना तुमच्या नमुन्यातून पुढे काय निघेल, त्याची मालकी कुणाची, औषध झाले तर ते आमच्या तालुक्यात कोणत्या भावाने येईल, हे विचारायचे आपण शिकलेल्या नाही. मानवतला आम्ही असे प्रश्न सोप्या मराठीत एका पानावर मांडायला घेतले आहेत. तुमच्या गटातल्या बायका काय विचारतील ते आम्हाला लिहून पाठवा. अंगठा उठवणाऱ्या बाईने विचारलेला प्रश्न असेल तर तो तिच्याच शब्दांत पाठवा.