डोस वाढवण्याआधी जनुक तपासा

बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मानेवर गाठ येते. दुखत नाही, ताप नाही, वजनही घटलेले नसते. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की आधी टीबी आठवतो. त्यात छातीच्या एक्स-रेवर बारीक ठिपके दिसले तर संशय पक्काच, कारण मिलिअरी टीबीचे चित्र असेच असते. मग कधीतरी गाठीत सुई घालून तपासणी होते आणि कळते, हा थायरॉइडचा कर्करोग आहे आणि फुफ्फुसातले ठिपकेही त्याचेच आहेत. ‘फुफ्फुसात गेला म्हणजे चौथी स्टेज’ असे म्हणत घर कोसळते.

या आईवडिलांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे की इथे तसे नसते. मुलांमधला थायरॉइडचा कर्करोग बहुतांशी पॅपिलरी प्रकारचा असतो. तो मोठ्यांपेक्षा जास्त पसरतो. निदान होते तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींत तो पोचलेला असतो, काहींच्या फुफ्फुसातही. तरीही यातली बहुतेक मुले जगतात, शिकतात, संसार करतात. जगभर वापरली जाणारी स्टेज ठरवण्याची अमेरिकी पद्धत ५५ वर्षांखालच्या रुग्णाला या कर्करोगात दुसऱ्या स्टेजच्या पुढे नेतच नाही, मग तो फुफ्फुसात का असेना. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्सारी आयोडीन दुधावाटे मुलांच्या पोटात गेले. त्या वेळी लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना २००५पर्यंत हा कर्करोग झाला. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने त्यांतले मृत्यू नोंदवले ते पंधरा.

प्रश्न जगण्याचा कमी आणि जगू देताना आपण त्या शरीराचे काय करतो याचा जास्त आहे. शस्त्रक्रियेनंतर मुख्य उपचार रेडिओआयोडीनचा. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन नेमके त्यांच्यापर्यंत पोचते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ची, म्हणजे हा उपचार आपल्याला नवा नाही. मुलीचे आयोडीनयुक्त मीठ आधी बंद होते. डोस घेतल्यावर ती वेगळ्या खोलीत राहते, आईलाही जवळ बसता येत नाही. पुढच्या स्कॅनमध्ये थोडेफार उरलेले दिसले की आणखी एक डोस, ही ओढ स्वाभाविक आहे, पण अनेकदा चुकीची आहे. एका डोसचा परिणाम महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे चालू राहतो. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५मध्ये मुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही घाई न करण्यावर भर आहे. डोसांवर डोस दिले तर फुफ्फुसे कडक होऊ शकतात, लाळग्रंथी सुकतात, पुढे दुसऱ्या कर्करोगाचा धोका वाढतो. साठीतल्या रुग्णाबाबत हा हिशेब वेगळा असेल. या मुलीसमोर अजून साठ वर्षे आहेत.

इथेच जनुकाचा प्रश्न येतो. मोठ्यांच्या पॅपिलरी कर्करोगात बहुधा ‘बीआरएएफ’ या जनुकातला एका अक्षराचा बदल सापडतो. मुलांमध्ये जनुके तुटून भलत्याच जनुकाला जोडली गेलेली अधिक आढळतात, विशेषतः ‘आरईटी’ आणि ‘एनटीआरके’. जोडाजोडीनंतर पेशीला ‘वाढ’ हा हुकूम सतत मिळत राहतो. चेर्नोबिलच्या मुलांत ही मोडतोड किरणांनी केली. किरणांशी कधी संबंध न आलेल्या मुलांतही ती सापडते, आणि अशा गाठी जास्त पसरतात.

ही माहिती आता निव्वळ शोधनिबंधात ठेवण्याची राहिलेली नाही. एनटीआरकेच्या जोडणीवरच्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८मध्ये मुलांसह मान्यता मिळाली. आरईटीवरच्या सेल्परकॅटिनिबला २०२०मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी आणि २०२४मध्ये दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी मिळाली. काही रुग्णांत तर या गोळ्यांनंतर आयोडीन घेईनाशा झालेल्या पेशी ते पुन्हा घेऊ लागल्या. प्रत्येक मुलाला ही औषधे लागतील असे अजिबात नाही. बहुतेकांना लागणारही नाहीत. पण ज्यांचा रोग फुफ्फुसात आहे किंवा आयोडीनला दाद देत नाही, त्यांना तिसरा-चौथा डोस लिहिण्याआधी गाठीच्या जनुकांची चाचणी झालीच पाहिजे. ती न करता डोस वाढवत नेणे हा मुलांवर अन्याय आहे.

चाचणीसाठी बहुधा नवी सुई टोचावी लागत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा पॅथॉलॉजी विभागात असतोच. सरकारी आरोग्य योजनांनी शस्त्रक्रियेइतकाच या चाचणीचा आणि तिच्यातून निघणाऱ्या औषधाचा खर्च आपला मानावा. आईवडिलांनीही डॉक्टरांना न संकोचता विचारावे : आमच्या मुलीच्या गाठीचे जनुक तपासले का?