घारापुरीला दुसरीही टेकडी आहे, मंडळी!

शेवा बंदराच्या क्रेनसमोर, पाण्यापलीकडे दिसतं ते घारापुरी. पाहुणे आले की आपण त्यांना तिथं नेतो. त्रिमूर्तीपुढं फोटो, हातात मक्याचं कणीस, माकडांपासून पिशवी सांभाळायची आणि परतीची बोट गाठायची. झालं घारापुरी! पण बेटावर टेकड्या दोन आहेत. पूर्वेकडच्या टेकडीवर आपल्यापैकी किती जण गेलेत?

तिथं विटांचा बौद्ध स्तूप आहे. आज बघाल तर मातीचा उंचवटाच वाटेल. आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, अर्धवट सोडलेलं लेणं आहे. त्रिमूर्तीचं शैव लेणं साधारण सहाव्या शतकातलं, हा स्तूप त्याच्या कितीतरी आधीचा. आणि माणसं मुक्कामाला असल्याशिवाय कुणी खडकात टाकी खोदत बसत नाही.

भिक्खू या बेटावर का आले असतील? उत्तर आपल्या ओळखीचं आहे: बंदर. मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन कुंभांची खापरं सापडली आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चेऊलच्या दात्यांची नावं आहेत. गलबतं लागायची तिथं व्यापारी, आणि व्यापाऱ्यांच्या दानावर विहार. म्हणजे आपल्या खाडीत जहाजांची ये-जा जेएनपीटीनं सुरू केलेली नाही, ती दोन हजार वर्षांची आहे.

नोंद राहिली नाही की काय होतं, तेही याच बेटावर बघा. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेलं. लेण्यातला शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथं तो कुणाला वाचता आला नाही, असं त्यांचाच इतिहासकार दियोगो द कोउतो लिहितो. तो दगड पुढं गायबच झाला. त्रिमूर्ती कुणी कोरवली यावर अभ्यासक आजही वाद घालतात. ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव पडलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला. जोडलेला हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

१९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा झाली. १९८९ मध्ये समोर बंदर सुरू झालं, त्यासाठी शेवा कोळीवाड्याला आपली जागा सोडावी लागली. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या बेटावरच्या तीन गावांत समुद्राखालून वीज पोचली ती थेट २०१८ मध्ये. लेणी जगाला दिसली, त्यांच्या शेजारची माणसं दिसायला आणखी ३१ वर्षं लागली!

म्हणून मागणी साधी आहे. स्तूपाच्या टेकडीला त्रिमूर्तीइतकाच मान द्या. धड पायवाट, मराठीत सविस्तर फलक आणि तिन्ही गावांतल्या पोरापोरींना गाइडचं रीतसर प्रशिक्षण. पुरातत्त्व खात्यानं पुढाकार घ्यावा, बंदराच्या सीएसआरमधून खर्च व्हावा. करोडोंच्या उलाढालीत हा खर्च म्हणजे किरकोळ.

आणि आपणही पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन गेलो, तर तासभर जास्त ठेवूया. गावातल्याच कुणाला तरी सोबत घेऊन ती टेकडी दाखवूया. आपणच गेलो नाही, तर सरकार कशाला जाईल?