कुणीच न निवडलेला पहिला

देशातल्या संकेतस्थळांवर कोणता डेटाबेस किती चालतो, याचा तक्ता या आठवड्यात पुन्हा सगळीकडे फिरला. मायएसक्यूएल पहिला, आणि खाली शेरा: ‘भारताची पसंती’. त्या शेऱ्याने डोकं फिरलं. पसंती म्हणायची तर आधी कुणीतरी पारखून घ्यायला हवं. इथे पारखलंय कुणी?

मुंबईत नायगाव-परळमधल्या एखाद्या मंडळाचं संकेतस्थळ कसं उभं राहतं बघा. एक कार्यकर्ता वर्षभराचं होस्टिंग घेतो, त्याचं नियंत्रण-पान म्हणजे सीपॅनल उघडतो, संकेतस्थळ उभारून देणाऱ्या वर्डप्रेसचं बटण दाबतो. मायएसक्यूएल किंवा त्याचा भाऊबंद मारियाडीबी मागोमाग येतोच, कारण वर्डप्रेस अधिकृतपणे त्या दोघांवरच चालतं. जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं आज वर्डप्रेसवर आहेत. शिवाय डेटाबेस बाहेरून दिसत नाही, दिसूही नये. वॅपलायझरसारखं साधन पानाच्या सोर्समध्ये वर्डप्रेसच्या खुणा शोधतं आणि त्या सापडल्या की मायएसक्यूएलही आहे असं धरून चालतं. शेअर दलाली करणारी झिरोधा आपल्या प्रचंड नोंदी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठेवते, पण तिचं पान उघडून ते कुणाला कळणार? म्हणजे तक्त्यात मोजलं गेलं ते वर्डप्रेस.

या न पारखण्याची किंमत मराठी मोजते आहे, आणि ती ‘ळ’च्या जागेत दिसते. शाळेच्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातसुद्धा ‘काळ’ शोधायला ‘काहूर’च्या पुढे जावं लागतं. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवलं आहे. आता एका सभासद यादीत कालेलकर, कावळे, काशीकर, काळे अशी आडनावं घ्या. मायएसक्यूएलला आडनावांनुसार क्रम लावायला सांगितलं की काळे कावळ्यांच्या आधी येतात. पोस्टग्रेसमध्ये तीच यादी ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे मराठीचं कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचा नियम, देऊन मागवा, काळे काशीकरांच्या खाली, आपल्या जागी जातात. ही सोय तिथे 2017 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून आहे.

मायएसक्यूएल मूळचा स्वीडनचा, 1995चा. 2018 साली आठवी आवृत्ती येईपर्यंत नवा डेटाबेस काढला की त्याला आपोआप लॅटिन लिपी आणि स्वीडिश वर्णक्रम लागायचा. त्या काळात अजाणता भरलेल्या मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग उमटलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. मूळ प्रत जपली नसेल तर तो मजकूर परत मिळत नाही. आठव्या आवृत्तीने ते दुखणं काढलं आणि भाषावार कोलेशनची लांबलचक यादी दिली. तीत आइसलँडिक आहे, एस्परँतो आहे, प्राचीन लॅटिनसुद्धा आहे. सिंहली तर आधीपासूनच आहे. मराठी नाही. हिंदीही नाही, तमिळही नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ढोलताशे वाजले. त्या दर्जाचं एक रोजचं काम म्हणजे आपली यादी आपल्या क्रमाने लागणं, आणि ते अजून झालेलं नाही.

नायगावात हे जास्त टोचतं. 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथेच आहे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची संगणकाचं नावही नसताना सिद्ध केली. सूचीचं काम म्हणजे क्रमाचं काम. क्रम चुकला की पुस्तक कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही. आज देशभरच्या ग्रंथालयांत वापरली जाणारी ‘कोहा’ ही प्रणालीही मायएसक्यूएल-मारियाडीबीवरच चालते.

मायएसक्यूएल वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो वेगवान आहे, फुकट आहे आणि त्याच्यावर पोट भरणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. पण जो इतक्या ठिकाणी आपसूक पोचतो, त्याच्यात मराठी आधी घालून घ्यायला हवी. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी दोन्हींचा कोड खुला आहे. मराठीचा वर्णक्रम युनिकोडच्या भाषा-भांडारात लिहून तयार आहे. राज्य मराठी विकास संस्थेने चार जाणते अभियंते नेमावेत, कोलेशन लिहून घ्यावं आणि दोन्हीकडे रीतसर पाठवावं. एखाद्या परिसंवादाच्या खर्चात हे काम होईल. तोवर जे कुणी नवी ग्रंथसूची, नवा कोश किंवा सभासदांची नोंदवही ऑनलाइन आणत असतील, त्यांनी बटण दाबण्याआधी होस्टिंगवाल्याला पोस्टग्रेस आहे का, एवढं विचारावं.