व्यसनी मेंदूची कैफियत

व्यसनाला रोग म्हणणे म्हणजे दारुड्याच्या हाती माफीनामा देणे होय, मनात आणील तो व्यसन सोडू शकतो, आणि मेंदूच्या चित्रांपायी शास्त्रज्ञांनी आयुष्ये वेचावीत हा सरकारी तिजोरीचा निव्वळ अपव्यय आहे, असा निवाडा एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मोठ्या तोऱ्यात दिला आहे.

हे मनात आणणे ज्या इंद्रियाच्या बळावर व्हावयाचे, त्याची तपासणी करण्याचे कष्ट मात्र त्यांनी घेतलेले नाहीत. ते मेक्सिकोत 1956 साली जन्मलेल्या डॉ. नोरा वोल्कॉव यांनी घेतले. त्या जेथे काम करीत त्या अमेरिकेतील ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत मेंदूची चित्रे घेण्यासाठी वापरला जाई तो किरणोत्सर्गी कार्बन अवघ्या 20 मिनिटांत निम्मा उरतो. म्हणून तो तेथेच सिद्ध करून, औषधात गुंफून, तातडीने रुग्णाच्या शिरेत सोडावा लागे. तशाच चिकाटीच्या परीक्षणांतून त्यांनी 1993 साली दाखवून दिले की, कोकेनच्या व्यसनींत डोपामाइन या मेंदूतील रसायनाचा संदेश टिपणारे काही ग्राहक घटलेले असतात, ती घट कोकेन सुटल्यावरही काही महिने टिकते, आणि ती जितकी अधिक, तितका डोळ्यांच्या खोबणीवरील अग्रमेंदू, जो कशाला किती मोल द्यावे हे ठरवितो, मंदावलेला असतो. ज्या तराजूने हिताहित तोलावयाचे त्याचीच दांडी वाकली असता, तोलणाऱ्याच्या दानतीवर खटला भरणे हा कोणता न्याय? कुष्ठाला पूर्वजन्मीचे पाप म्हणणारेही असेच बोलत. 1873 साली नॉर्वेत त्याचा जंतू आढळला, तरी त्यांची जीभ पुढे कित्येक वर्षे थांबली नाही.

व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या पुष्कळ अमेरिकी सैनिकांनी हेरॉइन सोडले हे खरे. स्थळ आणि संगत पालटली की ओढ ओसरू शकते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. खर्चाची फिर्याद करणाऱ्यांनी आधी व्यसनींना डांबणाऱ्या तुरुंगांचा जमाखर्च मांडावा.

आणि रोग म्हटले म्हणून उत्तरदायित्व संपत नाही. उपचार घेण्याचे रोग्यावर आणि ते पुरविण्याचे समाजावर येते. मेथॅम्फेटामाइन हे मादक द्रव्य दीर्घकाळ वर्ज्य केलेल्यांच्या मेंदूतील डोपामाइनवाहक प्रथिनांची हानी काही अंशी भरून निघते, हेही वोल्कॉव यांच्याच गटाने 2001 साली दाखविले. तेव्हा वाचकहो, घरात कोणी व्यसनात सापडला असेल तर त्याला शपथा घालीत बसू नका. वैद्याकडे न्या, आणि तो पुन्हा घसरला तर पुन्हा न्या.