पडद्यावरचे कुणब्याचे घर

मुका सिनेमा म्हणजे देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या गोष्टी, असा पुष्कळांचा समज आहे. तो बराचसा खराही आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' दाखविला. त्यात संसार उधळला तो राजाचा, आणि तोही सत्यासाठी. कर्जापायी मोडलेला कुणब्याचा संसार पडद्यावर यावयास मात्र आणखी बारा वर्षे लागली.

तो आणला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. मेस्त्री घराण्यातला हा कारागीर. चित्रे घेण्याचा कॅमेराही त्यांनी आपल्या हातांनी घडविला. १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी 'सावकारी पाश' काढला. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेताचा धनी शहरात गिरणीचा मजूर होतो, एवढीच कथा.

एवढीच! पण वाचकहो, अशी किती घरे आपल्या पाहण्यात आहेत? घरात कलह माजला की आपण सुनेच्या पायगुणाला बोल लावतो, नाहीतर कपाळाला हात लावतो. भांड्याला भांडे लागायचेच, असेही म्हणतो. पण रिकामी भांडीच अधिक वाजतात, हे कोणी बोलत नाही. नवरा-बायकोच्या भांडणाचे मूळ पुष्कळदा सावकाराच्या वहीत असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुक्या सिनेमात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. ज्यास वाचता येई तो त्या मोठ्याने वाचून दाखवी, म्हणून निरक्षरासही कथा कळे. सावकाराच्या पेढीवर मात्र कागद वाचून दाखविणारा कोण होता? तेथे मुका होता तो आमचा शेतकरीच!

तो मूळ चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. पाश मात्र सुटलेला नाही. २०१४ च्या कायद्याने महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी गुन्हा ठरविली आहे. पण कायदा आपण होऊन कोणाच्या उंबऱ्यावर येत नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, कोणत्याही कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी तो घरी आणावा, शिकल्या लेकीकडून चुलीपुढे मोठ्याने वाचून घ्यावा, आणि घरधनिणीस विचारावे. जिच्या संसारावर जप्ती यावयाची, तिला कर्जाचा आकडा सर्वांच्या मागून कळावा, हा कुठला न्याय?