ठिपके जुळले, टायमिंगचं काय?

'व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम काढा' हा प्रश्न पेपरात दिसला की आपल्या मेकॅनिकलच्या पोरांचे चेहरे खुलतात. गोल काढा, रेषा मारा, इनलेट इतक्या अंशांवर उघडतो, इतक्यावर मिटतो असं लिहा. मार्क खिशात! पण मित्रहो, ते अंश खऱ्या इंजिनवर मोजायचे कसे, हे आपल्यापैकी किती जणांना येतं? जर्नलमध्ये सुबक डायग्राम आणि हातात शून्य, अशी आपली गत आहे.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की, घरी इंजिन बांधायला घेणाऱ्याने कॅमशाफ्टचं टायमिंग मोजून लावावं. नुसता ठिपक्यासमोर ठिपका आणून झाकण बसवू नये.

घरी इंजिन कोण बांधतं म्हणाल? हौशी लोक आजही बांधतात. मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉकमध्ये कॅम, पुशरॉड आणि टायमिंग चेन. शिकायला याहून सरळ इंजिन कुठलं?

आता मुद्द्याकडे येऊ. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, हे आपण झोपेतही सांगू. पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. समजा, कॅमच्या गरारीला ४० दात आहेत. चेन एक दात चुकली की कॅम ९ अंश चुकतो, म्हणजे क्रँकच्या मापाने चक्क १८ अंश! ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे अशा चुकांनी व्हॉल्व्ह वाकतात आणि केलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

एवढी मोठी चूक ठिपके टाळतात, हे मान्य. पण ठिपके कंपनीने नव्या, मूळ भागांसाठी मारलेले असतात. आपल्या हातात काय असतं? ताणलेली चेन, दुसऱ्याच कोणी बनवलेली गरारी, घासून आणलेला कॅम. कॅम हेडमध्ये असेल तर आणखी एक भानगड. हेड १ मिमी घासलं की कॅम तेवढा खाली येतो. वरच्याच ४० दातांच्या गरारीला ९.५ मिमी पिचची चेन असेल, तर क्रँकवर जवळजवळ २ अंशांचा उशीर होतो. प्रत्येक चूक छोटी, पण बेरीज होते. इनलेट उशिरा मिटला की कमी वेगात आत आलेलं मिश्रण थोडं परत ढकललं जातं. गाडी सुरू होते, पळतेही, पण चढावर दम टाकते. मग शिव्या कोण खातो? बिचारा कार्बोरेटर!

मोजायला काय लागतं? क्रँक पुलीवर बसेल असं ३६० अंशांचं कोनमापक, तारेचा एक काटा आणि डायल गेज. ड्रॉइंगच्या शीटवर रात्र-रात्र काढणाऱ्यांना एक चकती आखणं जड आहे का?

आधी खरा टीडीसी शोधा. तिथे पिस्टन क्षणभर थबकतो, म्हणून नजरेचा अंदाज फसतो. प्लगच्या भोकातून एक स्टॉप बसवा. क्रँक हाताने हळूच फिरवा, पिस्टन टेकला की अंश वाचा. मग उलट फिरवून पुन्हा वाचा. एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ३० आले, तर काटा २ अंशांनी सरकवा म्हणजे दोन्हीकडे ३२ येतील. शून्य सापडलं. स्टॉप काढायला विसरू नका!

मग डायल गेज पहिल्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर लावा. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा, म्हणजे चेनचा ढिलेपणा एकाच बाजूला राहील. सर्वोच्च लिफ्टच्या ०.५ मिमी आधी आणि ०.५ मिमी नंतर अंश वाचा. समजा टीडीसीनंतर ९६ आणि १२४ आले. मध्य ११०. कॅम बनवणाऱ्याने १०६ दिले असतील, तर तुमचा कॅम ४ अंश मागे आहे. ऑफसेट चावीने किंवा सरकत्या गरारीने तो पुढे घ्या आणि पुन्हा मोजा. शेवटी प्लग काढून ठेवून पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, कारण शोधायचं.

कोणी म्हणेल, "गॅरेजमधले उस्ताद ठिपक्यांवरच लावतात, त्यांच्या गाड्या चालत नाहीत का?" चालतात की! मूळ भाग असतील तर ठिपके पुरतात, आणि उस्तादांच्या हाताला हजार इंजिनांचा अनुभव असतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून आपल्याला माप हवं. दुसरा म्हणेल, "आता व्हेरिएबल टायमिंग आहे, सगळं ईसीयू बघतो." अहो, काही नव्या इंजिनांत क्रँकच्या गरारीला चावीसुद्धा नसते. ती बोल्टच्या पकडीवर बसते आणि टायमिंग लॉकिंग पिन लावून धरावं लागतं. म्हणजे नीट लावण्याची गरज वाढली, संपली नाही.

आपल्या वर्कशॉपमध्ये लाल-पिवळा रंग दिलेलं कापलेलं इंजिन दाखवायला ठेवलेलं असतं. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये डायल गेज कपाटात बंद असतो. या दोघांची गाठ कोणी घालून देईल का? भंगारातलं एक इंजिन आणा, प्रत्येक बॅचला एक दुपार द्या, आणि डायग्राममधले अंश स्वतः मोजून काढायला लावा. ज्याने ११० हा आकडा स्वतःच्या हाताने काढला, त्याला तो व्हायव्हासाठी पाठ करावा लागणार नाही. आणि कुणाच्या घरची जुनी गाडी त्याच्या हाती दिली, तर ती धडपणे परत मिळेल.