जादूचा पंचनामा

जानेवारीतली गोठवणारी रात्र. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये सेंट पॉल्स चर्चसमोर मुंडके उडवलेले प्रेत सापडले आहे. पहाऱ्यावरचा शिकाऊ शिपाई पीटर ग्रँट याच्यापुढे एक साक्षीदार येतो. खून आपण डोळ्यांनी पाहिला, असे तो सांगतो. पण हा साक्षीदार स्वतःच मरून शंभराहून जास्त वर्षे झाली आहेत. पीटर पळत नाही, किंकाळी फोडत नाही. तो त्याला नाव विचारतो आणि जबाब घ्यायला लागतो.

बेन ॲरोनोविचची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरी २०११ साली आली. त्याआधी १९८८-८९मध्ये त्याने ‘डॉक्टर हू’ या दूरदर्शन मालिकेसाठी दोन कथानके लिहिली होती आणि पुढे पुस्तकांच्या दुकानात नोकरीही केली होती. आज त्याच्या जादूगार पोलिसांची लांबलचक मालिका झाली आहे. रहस्यकथेत भूत, मंत्र, करणी आणू पाहणाऱ्या मराठी लेखकांनी तिचा पहिला भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा, असे या मासिकाला मनापासून वाटते.

यामागे जुने भांडण आहे. रोनाल्ड नॉक्स याने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. त्यांत अलौकिक शक्तींना सरळ बंदी होती आणि ती रास्तच होती. अंगठीतून धूर निघून खुनी कळणार असेल, तर वाचकाने दोनशे पाने डोके चालवायचे कशाला? रँडल गॅरेटने १९६४पासून लिहिलेल्या लॉर्ड डार्सीच्या कथांत यावर उत्तर शोधले. त्याच्या जगात जादू राजमान्य आहे, जादूगार प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञासारखा पुरावा तपासून देतो, पण खुनी ओळखतो तो डार्सी. त्याला स्वतःला जादू येत नाही. त्याच्याजवळ आहे ती फक्त तर्कशक्ती.

ॲरोनोविच याच वाटेने पुढे जातो, पण त्याच्याकडे राजवाडे नाहीत. त्याच्याकडे कचेरी आहे. पीटरची नेमणूक खरे तर अशा शाखेत होणार असते, जिथे इतर पोलिसांची कागदपत्रे भरत बसायचे. तिथून त्याला उचलतो इन्स्पेक्टर नाइटिंगेल, रसेल स्क्वेअरच्या एका जुन्या वाड्यातून चालणाऱ्या जादूखात्याचा एकमेव अधिकारी. पण खुनाचा तपास खून-शाखेकडेच राहतो आणि माहिती ‘होम्स’ नावाच्या संगणकप्रणालीत भरली जाते.

ही प्रणाली लेखकाने कल्पिलेली नाही. पीटर सटक्लिफ याने इंग्लंडच्या उत्तर भागात तेरा स्त्रियांचे खून केले. १९८१मध्ये तो पकडला जाईपर्यंत पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. प्रत्येक वेळी तो सुटला, कारण माहिती हजारो कार्डांवर विखुरलेली होती आणि एक कार्ड दुसऱ्याशी कोणी ताडून पाहिलेच नाही. त्या नामुष्कीतून १९८५च्या सुमारास ‘होम्स’ उभी राहिली. भुताचा जबाब असल्या यंत्रात कोणत्या रकान्यात टाकायचा? वरिष्ठांना दाखवायच्या कागदावर काय लिहायचे? खरे तर वाचक या प्रश्नांनीच खिळून राहतो. भुताची भीती फार तर दोन पाने टिकते.

जादूची किंमतही लेखकाने चोख लावली आहे. मंत्र टाकला की जवळच्या मोबाइलमधल्या चिपची वाळू होते. अती केले तर मेंदूच निकामी होतो. विद्या शिकायला लॅटिन घोकावे लागते, वर्षे लागतात, आणि या शास्त्राची घडी बसवली आयझॅक न्यूटनने. पीटर स्वस्त कॅल्क्युलेटर वेगवेगळ्या अंतरांवर मांडून कुठवर काय बिघडते ते मोजतो. जादूने तपास सोपा होत नाही, उलट आणखी चार अडचणी वाढतात. हस्तलिखिते वाचताना या मासिकाला नेमकी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा उणी दिसते.

आणि मग नद्या. थेम्सचा म्हातारा देव शहर सोडून वर निघून गेला आहे. का? १८५८च्या उन्हाळ्यात लंडनच्या मैल्याने नदी इतकी सडली होती की संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. त्याची रिकामी जागा पुढे घेतली ती नायजेरियाहून नर्सिंग शिकायला आलेल्या एका तरुणीने, आणि आता टायबर्न, फ्लीट या गाडल्या गेलेल्या नद्या तिच्या मुली आहेत. एका पुराणकथेत शहराचे गटार आणि शहरात आलेली माणसे दोन्ही सामावतात. पीटरची आईही सिएरा लिओनची.

दोष आहेत. खुनांची गोष्ट आणि नद्यांचे भांडण हे दोन धागे शेवटपर्यंत घट्ट विणले जात नाहीत, आणि अखेरचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो.

मराठीत ही वाट अगदीच अनोळखी नाही. नारायण धारपांच्या कथांतल्या समर्थांनी अलौकिक संकटांची प्रकरणे सोडवली आहेत. मात्र समर्थांना वरिष्ठांकडे अहवाल पाठवावा लागत नाही. आजच्या लेखकापुढे आणखी एक गंभीर बाब आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणे, चेटूक करते म्हणून एखाद्या बाईला छळणे हे इथे गुन्हे आहेत, आणि त्यांत खरी माणसे भरडली गेली आहेत. म्हणून मराठी जादूकथेतली आरोपी चेटकीण खरोखरच दोषी निघाली, तर लेखकाने ते पान पुन्हा वाचावे. भोंदू बाबाला अटक करून आलेला हवालदार त्याच रात्री खरे भूत पाहतो, तेव्हा स्टेशन डायरीत काय लिहितो? पंच कोण मिळणार? मुद्देमाल कशात सील करणार? या प्रश्नांत अख्खी कादंबरी आहे.

जागाही लांब शोधायला नको. पुण्याचा आंबिल ओढा पेशवाईत वळवला गेला, त्याच्या जुन्या वाटेवर पेठा वाढल्या, आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याला आलेल्या पुराने माणसे आणि घरे नेली. त्या ओढ्याचा जबाब घ्यायला बसलेला एखादा हवालदार कोणी लिहायला घेतला, तर त्याच्यासाठी या मासिकाची पाने मोकळी आहेत.